“कॅमेरे आहेत ना!” म्हणणाऱ्या पाळणाघराला काय विचारायचं?

पत्र: आमची मुलगी बावीस महिन्यांची आहे. मी आणि नवरा दोघंही हिंजवडीत नोकरीला, घर बाणेरला. दहा महिन्यांची असल्यापासून ती घराजवळच्या एका पाळणाघरात जाते. मागच्या सोमवारी संध्याकाळी आंघोळ घालताना तिच्या डाव्या दंडाच्या आतल्या बाजूला तीन लहान निळसर खुणा दिसल्या. मी फोटो काढून ठेवलेत. विचारलं तर “घसरगुंडीवर पडली असेल, मुलं पडतातच” असं उत्तर मिळालं. रेकॉर्डिंग दाखवा म्हटलं तर “इतर मुलांच्या प्रायव्हसीचा प्रश्न आहे.” आत येऊन बघू का विचारलं तर “पालकांना आत घेत नाही, मुलं डिस्टर्ब होतात.” प्रवेशाच्या फॉर्मवर “कोणत्याही इजेस व्यवस्थापन जबाबदार राहणार नाही” असं छापलं होतं, त्यावर आमच्या सह्या आहेत. तीन महिन्यांचे पैसे आगाऊ भरलेत. सासूबाई म्हणतात नोकरी सोड. नवरा म्हणतो वाढवू नकोस, दुसरं पाळणाघर कुठून आणायचं? मी उगाच संशय घेतेय का? आमचे हक्क नेमके काय? – एक आई, बाणेर

उत्तर: तुमचा संशय उगाच नाही. तुम्ही कुणावर आरोपही केलेला नाही. मुलीच्या अंगावर खूण कशी आली, एवढंच विचारलं आणि त्याचं उत्तर “असेल” या शब्दात मिळालं. अडचण त्या “असेल”मध्ये आहे. हे उत्तर तुम्हाला आधीच ईमेलने पाठवलं, कारण यातलं पहिलं काम दिवसांवर नाही, तासांवर आहे. इतर पालकांच्या उपयोगाचं म्हणून ते इथे पूर्ण देत आहोत.

आधी रेकॉर्डिंग. पाळणाघरात बहुतेक वेळा चार कॅमेरे, एक डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारं यंत्र) आणि त्यात एक टीबीची डिस्क असते. दोन मेगापिक्सेलचा एक कॅमेरा सेकंदाला साधारण दोन मेगाबिट माहिती लिहितो, म्हणजे दिवसाला एकवीस-बावीस जीबी. चार कॅमेऱ्यांचे झाले 86 जीबी. या हिशेबाने एक टीबीची डिस्क साडेअकरा दिवसांत भरते, आणि भरली की डीव्हीआर कुणालाही न विचारता सर्वांत जुन्या दिवसावर नवा दिवस लिहू लागतो. यंत्र जुन्या पद्धतीचं असेल आणि कॅमेऱ्यामागे चार मेगाबिट खात असेल, तर पाच-सहा दिवसांतच. पाळणाघर उघडं असतानाचे दहा-बारा तासच रेकॉर्ड होत असतील तर मुदत दुपटीने वाढते. तुमच्या पाळणाघरात यातलं काय आहे हे तुम्हाला ठाऊक नाही, बहुधा संचालिकाबाईंनाही नसेल. खूण दिसून आज नववा दिवस आहे. रेकॉर्डिंग मुद्दाम कुणी पुसायची गरजच नाही, नुसतं “बघू, सांगतो” म्हणत चार दिवस काढले तरी ते आपोआप जातं. म्हणून बघायला मिळेल की नाही हा वाद नंतर. आज फक्त जपून ठेवायला सांगा, आणि लेखी सांगा. मजकूर एवढाच पुरे:

“आमची मुलगी आपल्याकडे सोमवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सात होती. त्या संध्याकाळी तिच्या डाव्या दंडावर खुणा आढळल्या. त्या दिवसाचं सर्व कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग पुसलं जाऊ नये म्हणून आजच वेगळ्या ड्राइव्हवर काढून जपून ठेवावं. डीव्हीआरमध्ये किती दिवसांचं रेकॉर्डिंग राहतं, त्या दिवशी आमच्या मुलीच्या गटात कोण कोण कामावर होतं आणि इजेच्या नोंदवहीत काय लिहिलं आहे, हे तीन दिवसांत लेखी कळवावं. रेकॉर्डिंग आपल्या कार्यालयात, आपल्या उपस्थितीत पाहण्यासाठी वेळ द्यावा.”

तारीख घाला, दोघांच्या सह्या करा. दोन प्रती न्या आणि एकीवर पोच घ्या. शिक्का दिला नाही तर तोच मजकूर ईमेल आणि व्हॉट्सअ‍ॅप दोन्हीवर टाका. “मारलं”, “छळ” असे शब्द घालू नका. जे डोळ्यांनी दिसलं तेवढंच लिहा, तेच पुढे टिकतं.

प्रायव्हसीचं कारण अर्धं खरं आहे. इतर मुलांचं चित्रण असलेली फाइल तुमच्या हातात देणं योग्य नाही. उद्या तुमच्या मुलीची फाइलही अशीच कुणाच्या फोनवर फिरावी असं तुम्हालाही वाटणार नाही. खासगी पाळणाघराकडून पालकाला थेट प्रत मिळवून देणारं कलमही दाखवता येणार नाही. पण प्रत देणं, समोर बसून दाखवणं आणि पुसू न देणं या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचं कारण पुढे करून उरलेल्या दोन नाकारता येत नाहीत. पोलिसांकडे तक्रार गेली तर ते डीव्हीआरच ताब्यात घेऊ शकतात, हे संचालिकाबाईंना शांतपणे सांगायला हरकत नाही.

पाहायला मिळालं तर आधी डीव्हीआरच्या पडद्यावरचं घड्याळ आणि तुमच्या मोबाइलचं घड्याळ एका फोटोत घ्या. या यंत्रांची घड्याळं बऱ्याचदा दहा-वीस मिनिटं, कधी चक्क काही तास मागेपुढे असतात. मग “दुपारी दोनला काहीच दिसत नाही” असं निघतं, कारण खरे दोन भलतीकडेच असतात. सोमवारी सकाळी आंघोळीच्या किंवा कपडे घालण्याच्या वेळी खुणा नव्हत्या, हे पक्कं आठवत असेल तर आजच लिहून ठेवा. त्यावरून पाहायचे तास कमी होतात. दंडाला धरण्याचे प्रसंग ठरावीक असतात: डायपर बदलणं, भरवणं, झोपवणं, शू-शीला नेणं, दुसऱ्या मुलापासून सोडवणं. तेवढे तुकडे आधी पाहा. मध्येच अर्धा तास चित्रण नसेल, तर कॅमेरा हालचाल झाल्यावरच रेकॉर्ड करतो का ते विचारा. तसं असेल तर झोपेच्या वेळी खंड पडणं स्वाभाविक आहे, भर दुपारी जेवणाच्या वेळी नाही. पडद्याचं मोबाइलवर केलेलं चित्रण पुरावा म्हणून लंगडं पडतं. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 प्रमाणे मूळ यंत्रातून काढलेल्या प्रतीसोबत प्रमाणपत्र लागतं. म्हणून मूळ डिस्क टिकणं महत्त्वाचं.

आता खुणांबद्दल. चालायला-पळायला लागलेल्या मुलाच्या नडग्या, गुडघे, कोपरं, कपाळ, हनुवटी इथे निळं-हिरवं काहीतरी असतंच. पडताना हाडाचा भाग आधी टेकतो. दंडाची आतली बाजू, कान, मान, पोट, पाठ, ढुंगण या जागा पडताना सहसा आपटत नाहीत. चार वर्षांखालच्या मुलाच्या धडावर, कानावर किंवा मानेवर खूण दिसली तर बालरोगतज्ज्ञ ती सहज सोडून देत नाहीत, आणि चार महिन्यांखालच्या बाळाला कुठेही खूण दिसली तरी तपासतात, कारण ते बाळ स्वतःहून कुठे जाऊन आपटू शकत नाही. दंडाच्या आत ओळीने तीन लहान लंबगोल ठसे म्हणजे बोटांनी घट्ट धरल्याचे ठसे असू शकतात. इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. घसरगुंडीवरून घसरताना कुणी चटकन दंड धरून सावरलं, तरीही असेच ठसे उठतात. म्हणजे कदाचित त्या दिवशी कुणीतरी तुमच्या मुलीला वाचवलंही असेल. पण मग ते तुम्हाला संध्याकाळी कुणी सांगितलं का नाही?

खुणा फिकट झाल्या असल्या तरी मुलीला तुमच्या बालरोगतज्ज्ञांना दाखवा आणि “पालकांनी दाखवलेल्या फोटोनुसार” अशी नोंद केसपेपरवर मागा. रंगावरून खूण किती दिवसांची हे अचूक सांगता येत नाही, तसा आग्रह डॉक्टरांकडे धरू नका. फोटोची मूळ फाइल फोनमध्येच ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवलेल्या प्रतीत वेळ-तारखेची माहिती उरत नाही. पुढे पुन्हा कधी फोटो काढायची वेळ आली, तर खुणेशेजारी नाणं किंवा पट्टी ठेवून, दिवसाच्या उजेडात, एक जवळून आणि एक पूर्ण हात दिसेल असा काढा. अजून एक लक्षात ठेवा: मूल अचानक एक हात लोंबता ठेवू लागलं, त्या हाताने काहीच उचलेना, तर कोपराचं हाड किंचित सरकलेलं असू शकतं. एक ते चार वर्षांच्या मुलांत हे एका हाताने खेचून उचलल्यावर होतं. डॉक्टर ते मिनिटभरात बसवतात, पण कारण विचारायलाच हवं. घरी खेळताना हात धरून गोल फिरवल्यावरही हेच होतं, तेव्हा आधी घरचे प्रसंग आठवा.

मुलीला “मावशीने मारलं का?” असं विचारू नका. बावीस महिन्यांचं मूल “हो” म्हणेल, पुढच्या क्षणी “आजीने मारलं का?”लाही “हो” म्हणेल. ती स्वतःहून काही बोलली, दाखवलं, तर “मग?” एवढंच म्हणा आणि तिचे शब्द जसेच्या तसे तारखेसह लिहा. सकाळी सोडताना रडणं ही खूण मानू नका, या वयात ते असतंच. एखाद्या ठरावीक माणसाला पाहून अंग आखडणं, डायपर बदलताना अचानक घाबरणं, घरी आल्यावर अनेक दिवस अनैसर्गिक गुंगी, या गोष्टींकडे मात्र दुर्लक्ष नको. गुंगी असेल तर सर्दी-खोकल्याचं झोप आणणारं औषध कुणी देतंय का, हे विचाराच. तुमच्या लेखी परवानगीशिवाय पाळणाघरात एक थेंबही औषध देता कामा नये.

हक्कांकडे येऊ. तुमच्या पाळणाघराच्या स्वागतकक्षात फ्रेम करून लावलेलं प्रमाणपत्र बहुधा शॉप अ‍ॅक्टचं असेल. पालक ते पाहून निश्चिंत होतात. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात कामगार ठरावीक संख्येपेक्षा कमी असतील तर व्यवसाय सुरू केल्याची नुसती सूचना द्यायची असते, त्याची ती पावती. ती देण्याआधी कुणीही येऊन खिडकीचे गज मोजलेले नसतात. शाळेला जशी मान्यता लागते तशी खासगी पाळणाघराला लागत नाही, त्यामुळे “आम्ही रजिस्टर्ड आहोत” हे वाक्य ऐकलं की “कशाखाली?” हा प्रश्न लगेच विचारा.

पण याचा अर्थ पाळणाघराला कायदाच लागू नाही असा नाही. पॉक्सो कायद्याचे (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणाऱ्या कायद्याचे) 2020 चे नियम स्पष्ट आहेत: मुलांशी नियमित संपर्क येणाऱ्या प्रत्येक संस्थेने प्रत्येक कर्मचाऱ्याची पोलीस पडताळणी करायची आणि ती ठरावीक काळाने पुन्हा करायची. या नियमात शाळांच्या बरोबरीने पाळणाघरांचं नाव आहे. कायम, कंत्राटी असा फरक नाही. म्हणजे मावशी, स्वयंपाकीण, व्हॅनचा ड्रायव्हर, वॉचमन सगळे आले. बारा जणींची पडताळणी झाली असं सांगतात आणि तेराव्या, दोन महिन्यांपूर्वी बदली म्हणून आलेल्या मावशीची राहून गेलेली असते. पाळणाघर बंगल्यात किंवा रो-हाउसमध्ये असेल तर मालकांच्या घरातल्या माणसांचा आत वावर असतो, त्यांचं नाव तर कुठल्याच यादीत नसतं. म्हणून “झालीय का?” असं विचारू नका. “आत्ता आत असलेल्या सगळ्यांची यादी आणि प्रत्येकाच्या पडताळणीची तारीख दाखवा,” असं विचारा. आधार कार्डाची झेरॉक्स ही पडताळणी नव्हे.

बालन्याय अधिनियम 2015 चं कलम 75 ही दुसरी मोठी आधाराची जागा. मुलाला मारणं, इजा करणं, जाणूनबुजून दुर्लक्ष करणं हा गुन्हा आहे, आणि सांभाळण्यासाठी नेमलेल्या संस्थेच्या माणसाने केला तर पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. लैंगिक अत्याचाराची शंका असेल तर पॉक्सोच्या कलम 19 प्रमाणे ती पोलिसांना कळवणं प्रत्येकावर बंधनकारक आहे. हाताखालच्या माणसाबद्दल माहीत असून संस्थाप्रमुखाने ते लपवलं तर त्याला स्वतंत्र शिक्षा आहे. “आम्ही आमच्या पातळीवर मिटवतो” असं म्हणायचा अधिकार कुणालाच नाही.

आता फॉर्मवरची तुमची सही. तिने तुम्ही फौजदारी कायद्यातून कुणालाही सूट दिलेली नाही, तशी देताच येत नाही. निष्काळजीपणाची भरपाईही अशा एका ओळीने आपोआप बुडत नाही. पैसे घेऊन दिलेली ही सेवा आहे, तुम्ही ग्राहक आहात, आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात एकतर्फी, अन्यायकारक करार असा स्वतंत्र मुद्दा आहे. तीन महिन्यांचे आगाऊ पैसे “कोणत्याही कारणाने परत नाहीत” हेही त्यातच बसतं. आधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवा, बरेचदा तिथेच पैसे सुटतात. नाही सुटले तर सेवेतल्या त्रुटीची तक्रार पुणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे ई-जागृती पोर्टलवरून करता येते. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही, मुदत दोन वर्षं.

किती मुलांमागे किती माणसं, हा प्रश्न कॅमेऱ्यांपेक्षा मोठा आहे. मातृत्व लाभ कायद्याखालच्या पाळणाघरांसाठी केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने 2018 मध्ये किमान मार्गदर्शक तत्त्वं दिली. त्यात तीन वर्षांखालच्या दहा मुलांमागे एक प्रशिक्षित सेविका आणि सोबत मदतनीस असं प्रमाण आहे. आमच्या मते वर्षाच्या आतल्या बाळांना हे फारच अपुरं आहे. धूर झाला तर एक बाई कडेवर दोन बाळं घेऊन जिना उतरेल, तिसऱ्याचं काय? बाळांच्या खोलीत तीन-चारांमागे एक हवीच. आणि प्रमाण तक्त्यावर पाहू नका, घड्याळावर पाहा. सकाळी अकराला सगळ्या जणी हजर असतात. दुपारी एक ते तीन मुलं झोपतात, मावश्या आळीपाळीने जेवायला बसतात, एकीच्या वाट्याला पंधरा मुलं येतात. संध्याकाळी साडेसहानंतर निम्म्या जणी घरी जातात आणि हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या आईबापांची दमलेली, भुकेलेली मुलं दोघींवर पडतात. माणूस चिडतो तो याच वेळी. हात खेचला जातो तोही याच वेळी. नुसतं मावशीला दोष देऊन हे सुटणार नाही. बाराशे चौरस फुटात चाळीस मुलं घेऊन तीन बायका ठेवणारा जो कुणी असेल, प्रश्न त्याला विचारायला हवा.

म्हणून दार उघडं असण्याचा आग्रह धरा. “मुलं डिस्टर्ब होतात” यात तथ्य आहे, रोज सगळे पालक आत येऊन बसले तर होतीलच. त्यावर तोडगा साधा आहे: चप्पल काढून, हात धुऊन, दहा मिनिटं, न बोलता, कोणत्याही वेळी, न कळवता. झोपेच्या खोलीचं दार काचेचं किंवा वरचा अर्धा भाग उघडा. जे पाळणाघर हे मान्य करतं, तिथे कॅमेरे कमी असले तरी आम्हाला चालतील. नोव्हेंबर 2016 मध्ये खारघरच्या एका पाळणाघरात दहा महिन्यांच्या बाळाला झालेली मारहाण कॅमेऱ्यात पूर्ण रेकॉर्ड झाली होती. कॅमेरा चालू होता, पण तो पाहत कुणी नव्हतं. बदलापूरच्या घटनेनंतर 21 ऑगस्ट 2024 च्या शासन निर्णयात शाळांना आठवड्यातून किमान तीनदा चित्रण तपासायला सांगितलं, ते याच कारणासाठी. तो निर्णय शाळांचा आहे, पाळणाघरवाले “आम्हाला लागू नाही” म्हणतील. म्हणू द्या, पण “मग तुमच्याकडे कोण, कधी तपासतं?” हे विचारा. मोबाइलवर लाइव्ह दिसण्याच्या सोयीला फार भुलू नका. एकच पासवर्ड चाळीस घरांत, आजी-आजोबा, ड्रायव्हर, सगळ्यांकडे फिरतो, आणि तुमच्या मुलीचे कपडे बदलतानाचं चित्र कोण पाहतंय हे कुणालाच माहीत नसतं.

तुमच्या प्रकरणात सर्वांत जास्त सांगून जाईल ती इजेची नोंदवही. ती पाहायला मागा. बांधीव वही हवी, पानांना छापील क्रमांक हवेत. सुट्या कागदांची फाइल असेल तर पान काढणं-घालणं सोपं. चांगली नोंद अशी दिसते: “दु. 12.40, जेवणाची खोली, खुर्चीवरून उतरताना पडली, उजव्या भुवईवर लाल, कातडी फुटलेली नाही, थंड पट्टी 10 मिनिटं, पाहणारी: अमुक, आईला 12.55 ला फोन.” खाली संध्याकाळी पालकाची सही. वाईट नोंद म्हणजे “खेळताना पडली, ठीक आहे.” आणि वही महिनाभर कोरी असेल, तर तीस मुलं महिनाभर एकदाही पडली नाहीत असं म्हणावं लागेल, जे अशक्य आहे. एकाच शाईत, एकाच अक्षरात सलग दहा दिवस भरलेले दिसले तर ती वही तुमच्यासाठी काल रात्री लिहिली गेली. उलट, किरकोळ ओरखड्यांनी भरलेली वही पाहून घाबरू नका. तिथे तुम्हाला खरं सांगितलं जातंय.

आत गेलात की काही गोष्टींवर नजर फिरवा. कापडाच्या झोळीत बाळाला एकटं झोपवत असतील तर नापसंती स्पष्ट सांगा. दोर आणि कापड गळ्याशी येतं. वर्षाखालचं बाळ पाठीवर, सपाट घट्ट गादीवर, उशीशिवाय. बाथरूममध्ये भरलेली बादली नको, चालायला शिकणारं मूल वीतभर पाण्यातही उलटं पडून बुडतं. डब्यात अख्खे शेंगदाणे, फुटाणे, अख्खी द्राक्षं नकोत. द्राक्ष उभं चिरून. बाहेर पडायचा दुसरा रस्ता गाद्यांनी अडलेला नको. इमारतीला अग्निसुरक्षा यंत्रणा लागू असेल तर तिचं प्रमाणपत्र दर जानेवारीत आणि जुलैत द्यायचं असतं, ताजं कोणत्या महिन्याचं आहे ते पाहा.

तक्रार कुठे? खुणांसोबत तुम्हाला मारहाणीची ठाम शंका आली, चित्रणात काही दिसलं किंवा डॉक्टरांनी तसं म्हटलं, तर पाळणाघराशी चर्चेत वेळ घालवू नका. 1098 ही चाइल्ड हेल्पलाइन चोवीस तास चालते, तातडीचं असेल तर 112. बाणेर पुणे शहर आयुक्तालयात येतं. वाकड, हिंजवडी 2018 पासून पिंपरी-चिंचवड आयुक्तालयात गेले आहेत. “आमची हद्द नाही” असं ऐकावं लागलं तर झिरो एफआयआर मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे हद्द न पाहता नोंद घ्यावी लागते आणि प्रत विनामूल्य मिळते. नोंद नाकारली तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस उपायुक्तांना पाठवा. वैद्यकीय तपासणीची कायदेशीर नोंद ससून किंवा औंध जिल्हा रुग्णालयात होते. जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडेही थेट अर्ज करता येतो. एवढी शंका नसेल, नुसतं उत्तर टाळलं जात असेल, तर वरचा अर्ज आणि तीन दिवस ही पहिली पायरी पुरे.

सोसायटीच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर काही टाकू नका. बदनामीचा दावा उलटा अंगावर येतो आणि त्यात मुलीची ओळखही फुटते. त्याच गटातल्या तीन-चार पालकांना प्रत्यक्ष भेटा आणि “तुमच्याकडे कधी खूण दिसली का?” एवढंच विचारा. चार पालकांच्या सह्यांचा अर्ज आला की दार लवकर उघडतं.

सासूबाईंच्या सल्ल्याबद्दल: नोकरी सोडण्याआधी तुमच्या कंपनीकडे बघा. पन्नास किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय देणं मातृत्व लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने बंधनकारक केलं, आणि आईला दिवसातून चार वेळा तिथे जाऊन येण्याची मुभा आहे. आता त्या कायद्याच्या जागी लागू झालेल्या 2020 च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद आहे. एचआरला ईमेल करून विचारा: सोय कुठे आहे, कोणत्या पाळणाघराशी करार आहे, त्याची तपासणी कोण करतं. हिंजवडीत कंपनीजवळ पाळणाघर मिळालं तर दुपारी दीडला अचानक डोकावणं तुम्हाला सहज जमेल. ऑफिसातून बाणेरला येऊन ते इतकं सहज जमत नाही.

नवऱ्याचा प्रश्नही खोटा नाही. नवी जागा मिळायला दोन-तीन आठवडे जातात, आणि बावीस महिन्यांच्या मुलीला नव्या ठिकाणी रुळायला तेवढेच. शोध आजपासून सुरू करा, अर्जाचं उत्तर काहीही येवो. तोवर दोघांनी आठवडाभराची रजा किंवा घरून काम वाटून घेता आलं, आजी थोडे दिवस येऊ शकल्या, तर तिला तिथे पाठवू नका. ते अजिबात शक्य नसेल, तर रोज सकाळी सोडताना मावशीसमोर तिचे हात-पाय पाहून “आज काही नाही” असं म्हणा, संध्याकाळी घेताना पुन्हा तिथेच पाहा, आणि अर्ध्या दिवसात एकदा तुमच्यापैकी कुणीतरी न सांगता गेटवर जा. पहिल्या दिवशी अडवतील. पोच घेतलेला अर्ज पर्समध्ये ठेवा आणि तीन दिवसांची मुदत कधी संपते ती तारीख त्यांना पुन्हा सांगा.